हौशी बिनतारी आणि पेटीतली विद्या

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात वसतिगृहाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वसतिगृहातील विद्यार्थ्यांकरिता हौशी बिनतारी केंद्र उभारावे, अशी सूचना गेल्या सर्वसाधारण सभेत आली आणि एका उदार ज्ञातिबांधवांनी, नाव प्रसिद्ध न करण्याच्या अटीवर, त्यासाठी रक्कमही देऊ केली. यंत्र कोणते घ्यावे यावर मात्र मंडळात दोन पक्ष पडले. एका पक्षाचे म्हणणे, नामांकित जपानी कारखान्याचे तयार यंत्र घ्यावे व त्यास बाहेरून संगणक जोडावा. दुसऱ्याचे म्हणणे, ज्या यंत्राच्या पोटातच संगणक आणि लेखी संदेशांची आज्ञावली, म्हणजे ज्यास सर्वजण सॉफ्टवेअर म्हणतात ते, बसविलेले असते असे नव्या धर्तीचे यंत्र घ्यावे. या विद्येचा आम्हांस बरीच वर्षे नाद असल्यामुळे आमचे मत मागविण्यात आले. दोन वाक्यांत मत सांगून मोकळे होता आले असते. परंतु पैसा दात्याचा आहे, यंत्र पुढील दहा-पंधरा वर्षे मुलांच्या हाती राहणार आहे, आणि सभासदांपैकी पुष्कळांस हा विषयच अपरिचित आहे. तेव्हा थोडे मुळापासून सांगणे प्राप्त आहे.

हौशी बिनतारी म्हणजे आकाशवाणी नव्हे. आकाशवाणीत एकाने बोलावयाचे आणि लाखोंनी ऐकावयाचे; येथे दोन्हीकडची माणसे बोलतातही आणि ऐकतातही. त्यासाठी दळणवळण मंत्रालयाच्या बिनतारी नियोजन व समन्वय विभागाची परीक्षा द्यावी लागते. ती उत्तीर्ण झाली की परवाना व केंद्राचे नाव मिळते. आपल्याकडील ही नावे बहुधा ‘व्ही.यू.’ या अक्षरांनी सुरू होतात. या केंद्रावरून धंद्याचे बोलणे करता येत नाही, पैसा मिळविता येत नाही आणि गुप्त लिपीही वापरता येत नाही. मग मोबाईल खिशात असताना हा खटाटोप कशाला, असे आमच्या भगिनी विचारतील, आणि त्यांचे विचारणे रास्त आहे. २००४ च्या डिसेंबरात हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमेच्युअर रेडिओची काही मंडळी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअर येथे केवळ हौसेखातर केंद्र चालवीत होती. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि नेहमीची दळणवळणाची साधने कोलमडली. त्या वेळी याच हौशी केंद्राने बेटांवरील माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचविले. हे उत्तर पुरेसे आहे असे आम्हांस वाटते. तथापि खरे सांगावयाचे तर बहुतेक हौशी माणसे या विद्येत पडतात ती उपयोगासाठी नव्हे, तर गच्चीवर बांधलेल्या तारेतून दूर देशीचा माणूस हाती लागतो या नवलासाठी पडतात.

आता बोलण्याच्या रीती. तोंडाने बोलणे ही एक आणि मोर्सचे ठिपके-रेघा ही दुसरी, या दोन्ही आपण ऐकून आहात. तिसरी रीत म्हणजे अक्षरे पाठविणे. तिचा पहिला अवतार टेलिप्रिंटरचा होता. दोन सुरांमध्ये आलटून पालटून उडी मारीत अक्षर जाई आणि पलीकडचे यंत्र खडखडाट करीत कागदावर ते उमटवी. तारखात्यातील जुन्या नोकरदारांना तो आवाज आठवत असेल. पुढे १९९८ मध्ये पीटर मार्टिनेझ या इंग्लंडमधील हौशी गृहस्थांनी पी.एस.के.३१ ही रीत काढली. घरच्या संगणकाच्या आवाजाच्या भागाचा उपयोग करून, अवघ्या तीसेक हर्ट्झच्या चिंचोळ्या वाटेने, माणूस टंकलेखन करतो त्याच वेगाने अक्षरे जाऊ लागली. ही रीत गप्पांची होती. पलीकडील माणूस अडखळत टंकतो आहे, चूक खोडतो आहे, हेही पडद्यावर दिसे.

त्यानंतर २०१७ च्या मध्यास एफ.टी.८ आली आणि सारा बाजारच पालटला. ती काढणारे दोघे, स्टीव्ह फ्रँके आणि जोसेफ टेलर; त्यांच्या आडनावांची आद्याक्षरे आणि आठ सूर मिळून हे नाव झाले. यांतील टेलर म्हणजे ज्यांस रसेल हल्स यांच्यासह १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले तेच गृहस्थ. परस्परांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोडीतील पल्सार त्यांनी १९७४ मध्ये शोधून काढला. आकाशातून येणारा क्षीण स्पंद गोंगाटातून वेचून काढणे हेच त्यांचे आयुष्यभराचे काम, आणि बिनतारीचा नाद त्यांस बालपणापासूनचा. चंद्रावर आपटून परतणाऱ्या अतिक्षीण लहरींसाठी त्यांनी आधी ज्या रीती रचल्या, त्याच विद्येचे हे पुढचे फळ आहे.

एफ.टी.८ चालते कशी, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण पुढील सारा वाद त्यावर उभा आहे. प्रत्येक मिनिटाचे पंधरा-पंधरा सेकंदांचे चार भाग पाडलेले असतात. एका भागात आपण पाठवावयाचे, दुसऱ्यात गप्प राहून ऐकावयाचे. एका खेपेस ७७ बिट, म्हणजे ७७ होय-नाही, एवढाच मजकूर जातो. त्यात केंद्रांची नावे, ठिकाणाचा चौकोन आणि ‘तुमचा आवाज इतका ऐकू येतो’ हा अहवाल नेमका मावतो. या ७७ बिटांस पडताळ्याचे व दुरुस्तीचे बिट जोडून त्यांचे १७४ करतात. वाटेत काही गळाले तरी उरलेल्यांवरून पलीकडचे यंत्र मूळ मजकूर गणिताने जुळविते. हे सर्व आठ सुरांत गुंफून बारा-साडेबारा सेकंदांत रवाना होते आणि त्यासाठी अवघ्या ५० हर्ट्झची वाट पुरते. परिणाम असा की, नेहमीच्या बोलण्याच्या पट्ट्यातील गोंगाट संदेशाच्या शंभरपट असला तरी संदेश वाचता येतो. कानाला तेथे केवळ सळसळ ऐकू येते. माशाच्या आणि गुंजेच्या तराजूवर बसलेल्या आपल्या वाडवडिलांस ही नजर ओळखीची वाटली असती.

ठिकाणाच्या चौकोनाविषयी एक गंमत सांगतो. साऱ्या पृथ्वीवर काल्पनिक चौकटी आखून प्रत्येकीला दोन अक्षरे व दोन अंक दिलेले आहेत. पुणे एम.के.६८ मध्ये येते. मुंबईचा फोर्टही त्याच चौकोनात. परंतु दादर मात्र एकोणीस अंशांच्या रेघेपलीकडे गेल्यामुळे एम.के.६९ मध्ये पडते. पणजी एम.के.६५, नागपूर एम.एल.९१. आमचे दादरकर स्नेही पुणेकरांहून वेगळे पडल्याचा आनंद अजून साजरा करीत असतात.

ही रीत लोकप्रिय होण्याचे कारण आपल्या घरांतच आहे. एल.ई.डी.चे दिवे, मोबाईल भारण्याचे साधन, घरोघरचे इन्व्हर्टर, यांनी शहरांतील लहरींचा गोंगाट पुष्कळ वाढविला आहे. आणि चाळीच्या वा सोसायटीच्या गच्चीवर उंच खांब उभारू देतो कोण? थोडी शक्ती, लहान तार आणि मोठा गोंगाट, अशा माणसास एफ.टी.८ ने हात दिला. पाच वॉटांत, म्हणजे रात्रीच्या लहानशा दिव्याला लागते तेवढ्या शक्तीत, संध्याकाळच्या सुमारास युरोपातील केंद्रे मिळतात. सूर्यावरील डागांचा अकरा वर्षांचा फेरा २०२४ च्या सुमारास ऐन भरात होता. यापुढची काही वर्षे तो उतरणीची आहेत आणि वरच्या पट्ट्यांवर तोंडाने बोलणे कठीण होत जाईल. वसतिगृहाचे केंद्र त्या उतरणीच्या काळात उभे राहणार आहे, हे मंडळाने ध्यानात घ्यावे.

आता यंत्राकडे वळू. आजवर या लेखी रीती चालवावयाच्या तर टेबलावर एक संसारच मांडावा लागे. एका बाजूस यंत्र, दुसऱ्या बाजूस संगणक, मध्ये आवाज नेणारी डबी, तिच्या तारा, यंत्राला आज्ञा देणारी आणखी एक तार. आवाज थोडा अधिक सोडला की संदेश फाटतो. प्रक्षेपणाची लहर तारांतून उलट शिरून संगणकास भ्रम पाडते. आणि संगणकाच्या भारण-यंत्राचा गोंगाट नेमका आपल्याच ग्राहकात ऐकू येतो. किती उत्साही मंडळी या तारांच्या जंजाळात अडकून कंटाळून गेली, ते आम्ही पाहिले आहे. २०१६ मध्ये आलेल्या आयकॉम कंपनीच्या आय.सी. ७३०० या यंत्रात आवाजाची डबी आतच बसविलेली असल्याने एका यू.एस.बी. तारेवर काम भागू लागले. तरीही संगणक लागतोच.

संगणकच नको, यंत्रानेच अक्षरे वाचावी व पाठवावी, ही कल्पनाही नवी नाही. अमेरिकेतील एलेक्राफ्ट कंपनीच्या के.३ या यंत्राच्या लहानशा पट्टीवर पी.एस.के.३१ व टेलिप्रिंटरची अक्षरे सरकत जाताना दिसतात. आणि पाठविताना मोर्सच्या पाकळ्यांवर बोटे चालवावी, यंत्र त्या मोर्सचे भाषांतर करून अक्षरांच्या रीतीने रवाना करते. जुन्या हाताची ही नवी करामत आम्हांस फार आवडली. वर उल्लेखिलेल्या आय.सी. ७३०० मध्येही टेलिप्रिंटरचे वाचन पोटातच होते.

परंतु येथेच मेख आहे. ही यंत्रे तयार झाली तेव्हा एफ.टी.८ जन्मलेच नव्हते. कारखानदाराने त्या वेळी चालू असलेल्या रीती पेटीत भरल्या आणि पेटी बंद केली. २०१७ नंतर लेखी रीतींची बहुतेक वर्दळ एफ.टी.८ वर गेली. पेटीतील विद्या मात्र होती तेथेच राहिली. उलट, ज्यांनी बाहेर संगणक जोडला होता त्यांनी नवी आज्ञावली फुकट उतरवून घेतली आणि त्याच दिवशी नव्या वाटेला लागले. तेव्हा मंडळातील जो पक्ष म्हणतो की यंत्र साधे ठेवा, विद्या संगणकात ठेवा, त्याचे म्हणणे पोकळ नाही. पेटीत घातलेली विद्या शिळी होते, आणि पेटीला कुलूप असेल तर ती बदलताही येत नाही. दुसऱ्या पक्षाने या आक्षेपाचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाऊ नये.

उत्तर आहे, आणि ते हैदराबादेहून आलेले आहे. तेथील अशहर फरहान या हौशी गृहस्थांनी या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत बिटएक्स नावाच्या यंत्राची रचना प्रसिद्ध केली. आपल्याकडील बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून, घरी बसून, कोणासही ते बांधता यावे हा त्यांचा हेतू. परदेशी चुंबकीय कड्या मिळत नाहीत म्हणून नळाच्या वॉशरवर तार गुंडाळण्याची युक्ती त्यांनी सांगितली, हे ऐकून आपल्यातील कारागीर मंडळी हसतील आणि मान डोलावतील. पुढे तयार पाट्या निघाल्या, आणि त्यांच्या गुंडाळ्या हैदराबादेतील स्त्रियांच्या एका गटाने हातांनी केल्या. याच वंशातील एसबिटएक्स या यंत्राच्या पोटात रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक असून पुढे सात इंचांचा स्पर्शपडदा आहे. पडद्यावर लहरींचा वॉटरफॉल सरकत असतो आणि एफ.टी.८ त्यातच आहे. बाहेरचा संगणक नाही, तारांचे जंजाळ नाही. झेडबिटएक्स हे त्याचे धाकटे, हातात मावणारे भावंडही २०२५ मध्ये आले. मुख्य गोष्ट ही की, यांचे नकाशे आणि आज्ञावली दोन्ही उघड आहेत. उद्या नवी रीत निघाली तर ती आत घालता येते. कारखानदाराची वाट पाहावी लागत नाही. वसतिगृहातील संगणकशास्त्राच्या मुलाने मनावर घेतले तर तोही घालील.

या यंत्रांची आम्ही जाहिरात करीत आहोत असे कोणी समजू नये. तयार जपानी यंत्र कळ दाबताच चालते आणि नीट वापरले तर वीस वर्षे तक्रार करीत नाही. उघड्या यंत्रास देखभाल लागते. आज्ञावली नवी केली की एखादे बटण रुसते. यंत्र गरम होते. घड्याळ मागे-पुढे झाले तर एफ.टी.८ मुकेच होते, कारण पंधरा सेकंदांच्या त्या खेळात सेकंदा-दीड सेकंदाहून अधिक चूक खपत नाही. ते घड्याळ इंटरनेटवरून वा उपग्रहावरून जुळवून घ्यावे लागते. हे सर्व पाहणारा कोणीतरी लागतो. वसतिगृहात असा कोणी नसेल तर सहा महिन्यांत यंत्रावर धूळ बसेल, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

तरीही आमचा कौल त्याच बाजूस आहे. बाहेरचा संगणक जोडावयाचा म्हटले की तो कोणाचा, हा प्रश्न येतो. विद्यार्थी आपला लॅपटॉप घेऊन सुटीत गावी जातो, पदवी मिळाली की कायमचा जातो, आणि मागे मुकी पेटी उरते. संस्थेने वेगळा संगणक घेतला तर तो वर्षाच्या आत हिशेबाच्या कामी कार्यालयात जाईल, हे सांगावयास ज्योतिषी नको. पेटीतच सर्व असेल तर बारा व्होल्टच्या एका बॅटरीवर, वीज गेलेली असतानाही, केंद्र चालते. आणि दुसरे कारण आमच्या मते अधिक महत्त्वाचे आहे. आपली सोनाराची ज्ञात. फुंकणी, डाख आणि सवागी यांवर आपल्या घरांनी पिढ्यान् पिढ्या पोट भरले. आज आपल्या दुकानांत यंत्रावर ओतलेला माल येतो आणि मुलाला डाख लावता येत नाही. बिनतारीच्या पाटीवरही डाखच लावावा लागतो. फरक इतकाच की सवागीचे काम तेथे राळ करते. जे यंत्र उघडता येते, ज्याचा नकाशा हाती आहे, त्याच्याजवळ बसलेल्या मुलाचे हात आणि डोके दोन्ही चालतील. बंद पेटीपुढे बसून तो केवळ बटणे दाबील.

बटणे दाबण्यावरून एक आक्षेप आठवला, आणि तो जाणत्या जुन्या मंडळींचा आहे. ते म्हणतात, एफ.टी.८ मध्ये यंत्र यंत्राशी बोलते, माणूस नुसता बघतो. यात तथ्य आहे. दीड मिनिटात नाव, चौकोन, अहवाल आणि नमस्कार एवढे झाले की भेट संपते. मनाचे काही लिहावयाचे तर एका खेपेस तेरा अक्षरे मिळतात. पलीकडील गृहस्थांच्या घरी पाऊस आहे की नातू झाला आहे, हे कधी कळत नाही. आणखी असे की, पोर्ट ब्लेअरसारखा प्रसंग ओढवला तर तेरा अक्षरांत निरोप मावणार नाहीत. तेथे तोंडाने बोलणे, मोर्स, नाहीतर गप्पांच्या लेखी रीतीच लागतात. सुदैवाने या यंत्रांत बोलण्याची व मोर्सची सोय आहेच. म्हणून आमची मंडळास विनंती अशी की, आठवड्यातून एक संध्याकाळ एफ.टी.८ बंद ठेवून मुलांनी केवळ तोंडाने वा मोर्सने बोलावे, असा नियम आरंभापासून घालावा. आणि यंत्राला स्वयंचलित करून झोपी जाण्याची युक्ती मुले शोधतीलच. ती चालू देऊ नये. टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीही आपल्या आज्ञावलीत प्रत्येक नव्या भेटीचा आरंभ माणसाच्या हाती बुद्ध्याच ठेवला आहे.

राहिला व्यवहार. संस्थेच्या केंद्रास स्वतंत्र परवाना काढावा लागेल आणि त्याची जबाबदारी परवानाधारक प्रौढ सभासदाने घ्यावी लागेल. आमची तयारी आहे. परीक्षेस बसू इच्छिणाऱ्या मुला-मुलींनी, होय, मुलींच्या वसतिगृहातील विद्यार्थिनींनीही, चिटणीसांकडे नावे द्यावी. यंत्रावर सारी रक्कम खर्च करू नये. चतुर्थांश तरी बॅटरी, तार आणि डाखकामाच्या हत्यारांसाठी राखावा. गच्ची आम्ही मोजून आलो आहोत. पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या छपरापर्यंत तेवीस मीटर सरळ जागा मिळते. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी वीस मीटर तांब्याची तार लागते, मधोमध तोडून तेथून केबल खाली आणावयाची; चौदाच्या पट्ट्यासाठी तिच्याखाली दहा मीटरची दुसरी बांधता येईल. तार मुलांच्या डोक्यावरून जाईल इतकी उंच असावी आणि वाळत घालण्याच्या दोरीपासून दूर असावी, एवढे स्वयंपाकघराच्या व्यवस्थापिकाबाईंनी आम्हांस बजावून सांगितले आहे. तांबे आपल्यातीलच कोणी दिले तर उत्तम. पावसाळ्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी सकाळी आम्ही शिडी घेऊन येऊ. चार मुले मदतीस द्यावी, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.